ग्लँडमधून किती थेंब पडावेत? पंप आणि बोटीच्या शाफ्टची गळती रोखण्याची रीत

जुलै संपत आला, की आमच्या वर्कशॉपसमोर तांडेलांची, म्हणजे बोटी चालवणाऱ्यांची, गर्दी होते. पावसाळ्यात वर काढून शाकारलेल्या बोटी पुन्हा पाण्यात ढकलायच्या असतात आणि सगळ्यांची मागणी एकच असते: "ग्लँड अशी भरून द्या, की एक थेंब आत येता कामा नये." ग्लँड म्हणजे बोटीचा किंवा पंपाचा फिरता दांडा, शाफ्ट, भिंतीतून बाहेर येतो तिथलं दोरी भरून दाबलेलं तोंड.

शिकाऊ असताना मी ही मागणी शब्दशः पुरी केली होती. दोन्ही नट पान्याने करकचून आवळले. थेंब बंद झाला आणि नाखवा खूश झाला. तिसऱ्या दिवशी बोट परत आली तेव्हा ग्लँडला हात लावता येत नव्हता. आतली दोरी जळून कोळसा झाली होती आणि शाफ्टवर नख अडकेल एवढी खाच पडली होती. उस्ताद एवढंच म्हणाले, "थेंब बंद केलास ना? आता शाफ्ट उतरव."

तो थेंब कशासाठी पडतो, हे कळलं की पुढचं काम सोपं होतं.

पंपात किंवा बोटीत फिरता शाफ्ट कुठल्यातरी भिंतीतून आरपार जातो. एका बाजूला दाबाखालचं पाणी किंवा तेल असतं, दुसऱ्या बाजूला हवा. शाफ्ट फिरायचा तर भोकात फट हवीच, आणि फट आली की गळती आली. शाफ्टभोवती बसवलेलं सील, मग ते दोरीचं असो की चकत्यांचं, ही फट बारीक करतं, पण पूर्ण बुजवत नाही. फिरणारा आणि स्थिर भाग कोरडे घासले तर काही मिनिटांत जळतील, म्हणून त्यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा एक पातळ थर राहावा लागतो. दोरीच्या ग्लँडमध्ये हा थर डोळ्यांना दिसतो, तोच आपला थेंब. दोरीऐवजी एकमेकींवर घासणाऱ्या दोन चकत्या असलेल्या चांगल्या मेकॅनिकल सीलमध्ये तो सुमारे एका मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाएवढा. तिथून पाणी बाहेर पडेपर्यंत त्याची वाफ होते आणि आपल्याला वाटतं, सील कोरडं आहे.

गळती नेहमी बाहेरच येते असंही नाही. विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपात सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढण्याच्या, बाजूला दाब हवेपेक्षा कमी असतो. तिथली ग्लँड सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. पंप हवा घेतो आणि पाणी ओढायचं सोडतो. अशा वेळी लोक पाइपाच्या तळाची झडप, फुटव्हॉल्व, बदलतात, पाइपाचे जोड पुन्हा बसवतात आणि ग्लँडकडे बघतही नाहीत. चालू पंपाच्या ग्लँडवर थोडं पाणी ओता. ते आत शोषलं गेलं, तर चोर सापडला.

खोलण्याआधी

गळती कुठून आहे ते आधी नक्की करा. सगळा भाग फडक्याने कोरडा पुसा, पंप चालू करा आणि टॉर्च धरून पाच मिनिटं बसा. केसिंगच्या गॅस्केटमधून निघालेलं पाणी ओघळत ग्लँडपाशी येतं आणि निरपराध सील बदललं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मग शाफ्ट तपासा. वीज बंद करा, स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात ठेवा. कपलिंगपाशी पहार लावून शाफ्ट वर-खाली हलवून बघा. हलताना टकटक जाणवली तर बेअरिंग गेलेलं आहे. त्यावर कितीही भारी सील बसवलं तरी महिनाभरात परत याल. डायल गेज असेल तर शाफ्ट हाताने फिरवून त्याचा डगमग मोजा, ०.०५ मिमीच्या आत असेल तर पुढे जा. बोटीत इंजिन आणि शाफ्टचं अलाइनमेंट बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावं लागतं. लाकडी बोट जमिनीवर एका आकाराची असते आणि पाण्यात थोडी वेगळी बसते.

माझ्या अनुभवात सीलच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांचा खरा रोग सीलमध्ये नसतोच.

दोरीची ग्लँड भरणे

शाफ्ट आणि तो ज्या डब्यातून जातो तो स्टफिंग बॉक्स यांच्यामध्ये चौकोनी विणीची दोरी गोल कड्या करून बसवतात आणि बाहेरून ग्लँडने दाबतात. दाब दिला की दोरी आडवी फुगते आणि शाफ्टला बिलगते.

दोरीचं माप दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढा. बॉक्सच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करा आणि निम्मं करा. बॉक्स ७० मिमी, शाफ्ट ५० मिमी, तर दोरी १० मिमीची. १२ची दोरी हातोड्याने चेपून १०च्या जागेत घालणारे आहेत. चेपलेल्या दोरीची वीण मरते आणि ती एकसारखी फुगत नाही. अर्धा मिमी जाड वाटत असेल तर स्वच्छ फळीवर ठेवून पाइपाने लाटा. पोळीसारखी लाटायची, ठोकायची नाही.

जुनी दोरी सगळी काढा. वाक्य साधं आहे, पण निम्मी कामं इथेच बिघडतात. बाहेरच्या दोन-तीन कड्या हुकाने सहज निघतात. तळाच्या कड्या दगडासारख्या झालेल्या असतात, आणि कंटाळून लोक त्यांच्यावरच नवी दोरी भरतात. नव्या कड्यांचा सगळा दाब त्या दगडावर जातो. तेव्हा टोकाला स्क्रू असलेला लवचिक हूक घ्या, दोरीत पिळून रुतवा आणि ओढा. निघालेल्या कड्या मोजून ठेवा. मध्ये भोकं असलेलं एक धातूचं कडं निघालं तर ती लँटर्न रिंग. तिच्या आधी किती कड्या होत्या आणि नंतर किती, ते लिहून ठेवा.

आता शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवी दोरी त्या खाचेवर करवतीसारखी घासली जाईल. पंपात बहुधा शाफ्टवर चढवलेली नळी, म्हणजे स्लीव्ह असते, ती बदला. बोटीच्या शाफ्टला स्लीव्ह नसेल तर शाफ्ट लेथवर चढवावा लागेल. ग्लँडची जागा थोडी पुढे-मागे सरकवता येत असेल, तर चांगल्या पृष्ठभागावर दोरी बसवणं हाही उपाय आहे.

कड्या शाफ्टवर गुंडाळून कापू नका, ब्लेडचा ओरखडा शाफ्टवर उमटतो. शाफ्टच्याच व्यासाचा पाइप शिकंज्यात धरा, त्यावर दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि धारदार ब्लेडने एकदम कापा. काप ४५ अंशांत तिरका ठेवला तर दोन्ही टोकं एकमेकांवर नीट बसतात. अखंड दोरी गोल-गोल गुंडाळून आत कोंबणं हा शॉर्टकट करू नका. पाण्याला त्या वेटोळ्यातून थेट बाहेर यायचा जिनाच मिळतो.

कडी उघडताना सरळ ताणू नका, बांगडीसारखी बाजूला पिळून शाफ्टवर घाला. पहिली कडी तळापर्यंत ढकला. जुना पाइप उभा चिरून केलेला अर्धगोल तुकडा यासाठी उत्तम. प्रत्येक कडी वेगळी दाबून बसवा आणि तिचा जोड आधीच्या जोडापासून ९० अंशांवर ठेवा. पहिला जोड घड्याळातल्या बाराला, दुसरा तीनला, असं चला. लँटर्न रिंग बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या किंवा ग्रीसच्या छिद्राखाली यायला हवी. ग्लँड आवळल्यावर सगळं थोडं आत सरकतं, म्हणून ती सुरुवातीला किंचित बाहेरच्या बाजूला ठेवा. इथे चूक झाली तर ग्रीस कप फिरवत राहाल आणि ग्रीस कुठेच जाणार नाही.

शेवटी ग्लँड लावा. नट एकदा पान्याने समान आवळा म्हणजे कड्या जागेवर बसतील. मग पूर्ण सैल करून फक्त बोटांनी घट्ट करा. पंप सुरू केल्यावर पाण्याची धार लागेल. लागू द्या. नवी दोरी भिजते, गरम होते, फुगते, आणि ती धार तिला सांभाळते. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट नटाच्या एका बाजूएवढे, म्हणजे एक षष्ठांश फेरा आवळा. पुन्हा थांबा, पुन्हा तेवढंच. असा तास-दीड तास जातो. घाई करणाऱ्याची दोरी पहिल्याच तासात भाजते आणि भाजलेली दोरी पुन्हा मऊ होत नाही. मध्येच ग्लँड हात ठेवता येणार नाही इतकी तापली तर नट सैल करा, थंड होऊ द्या आणि नव्याने सुरुवात करा.

कुठे थांबायचं? ५० मिमीच्या आसपास शाफ्ट असलेल्या पाण्याच्या पंपाला मी मिनिटाला ४० ते ६० थेंब ठेवतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर मिनिटाला ५० थेंब म्हणजे दिवसाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी. ते पाझर नळीने गटारात सोडा. बोटीला शाफ्ट फिरत असताना मिनिटाला पाच-दहा थेंब आणि उभी असताना शून्य किंवा जवळजवळ शून्य, हे माझं माप. दहा थेंबांनी वीस तासांत बुडात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी साचतं. मासळीच्या बर्फाचं पाणी त्याहून कितीतरी जास्त असतं.

खाऱ्या पाण्याचे दोन वेगळे नियम

शेतीपंपाला ग्राफाइटची काळी दोरी उत्तम चालते. तीच बोटीत घालू नका. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट आणि धातू मिळून बॅटरीसारखी जोडी तयार होते आणि झिजतो तो धातू. चकचकीत स्टेनलेसचा शाफ्ट दोरीखाली वाळवी लागल्यासारखा होतो. बोटीला चरबी किंवा मेणात भिजवलेली ताग-अंबाडीसारख्या तंतूंची दोरी, नाहीतर टेफ्लॉनची पांढरी दोरी घाला.

बोट महिनोन्‌महिने पाण्यात नुसती उभी ठेवणं हेही शाफ्टला वाईट. स्टेनलेस स्वतःला वाचवतं ते प्राणवायूच्या जोरावर. दोरीखालचं साचलेलं पाणी प्राणवायू गमावून बसतं आणि शाफ्टला टोचल्यासारखी भोकं पडतात. आठवड्यातून एकदा तरी शाफ्ट फिरवा. स्टर्न ट्यूबला, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीला, ग्रीस कप असेल तर निघताना आणि परतल्यावर एकेक फेरा द्या.

बोट पाण्यात असताना ग्लँड भरायची वेळ आली, तर खाडीत ओहोटीला बोट टेकेपर्यंत थांबा. तेवढा वेळ नसेल तर शेवटची जुनी कडी काढण्याआधी बुडातला पंप चालू आहे का ते बघा आणि नव्या कड्या कापून हाताशी ठेवा.

मेकॅनिकल सील: काचेसारखं जपा

मोनोब्लॉक पंपात, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असतात तिथे, दोरी नसते. तिथे दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी केसिंगमध्ये स्थिर असते, आणि स्प्रिंग त्यांना चिकटवून ठेवतं. स्वच्छ पाण्याला कार्बन आणि सिरॅमिकची जोडी पुरते. वाळू येणाऱ्या विहिरीला दोन्ही चकत्या सिलिकॉन कार्बाइडच्या घ्या. महाग पडतात, पण वाळू कार्बनला काही आठवड्यांत खाते.

आपल्याकडे या सीलचा सगळ्यात मोठा शत्रू विहिरीचा तळ. एप्रिल-मेमध्ये शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते. ऑटो स्विच पंप चालू करतो आणि शेतकरी झोपलेला असतो. विहीर खाली गेलेली असते. पंप कोरडा फिरतो, चकत्यांमधला पाण्याचा थर नाहीसा होतो आणि अगदी थोड्या वेळात त्या लालबुंद तापतात. मग अचानक पाणी आलं की सिरॅमिक तडकतं. ड्राय रन प्रिव्हेंटर नावाचं छोटं उपकरण स्टार्टरला जोडता येतं. दोन-तीन सीलच्या खर्चात ते येतं. ज्याच्याकडे ऑटो स्विच आहे त्याने ते लावावंच, असं माझं ठाम मत आहे.

सील बदलताना इंपेलरचा, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकाचा, नट कुठल्या दिशेने सुटतो ते आधी बघा. काही पंपांत उलटे आटे असतात. इंपेलर काढल्यावर फिरता भाग शाफ्टवरून ओढून घ्या आणि स्थिर चकती मागून लाकडी खुंटीने ढकलून बाहेर काढा. तिची जागा फडक्याने पुसा. क्षाराचा थर असेल तर बारीक पॉलिश पेपर चालेल, पण शाफ्टवर लांबीच्या दिशेने ओरखडे काढू नका, पाणी त्या ओरखड्यांतून वाट काढतं.

नवी चकती खोक्यातून काढल्यावर तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला बोट लावू नका. बोटाचं तेल आणि धूळ एका मायक्रॉनच्या जागेत डोंगरासारखी असते. रबरी कपाला साबणाचं पाणी लावा, चकतीवर पुठ्ठ्याचा स्वच्छ तुकडा ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. तिरकी बसली तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात फिरती चकती हेलपाटेल. इथे ग्रीस लावायचा मोह होतो. रबर ईपीडीएमचं असेल तर खनिज तेलाच्या ग्रीसने ते फुगतं आणि सील जाम होतं. नायट्राइल आणि व्हायटॉनला तेलाचं वावडं नाही, पण खोक्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतं? म्हणून साबणाचं पाणीच बरं.

सगळं जोडल्यावर शाफ्ट हाताने फिरवून बघा. मग पंप पाण्याने पूर्ण भरा, हवा काढून टाका आणि त्यानंतरच स्विच दाबा. "एक सेकंद चालवून दिशा बघू" म्हणत कोरडा पंप फिरवणाऱ्यांनी माझ्यासमोर नवी सीलं मारलेली आहेत.

मेलेलं सील फेकू नका

जुनं सील पाण्याने धुऊन उजेडात बघा. सिरॅमिकवर केंद्रातून बाहेर जाणाऱ्या केसासारख्या तडा दिसल्या तर पंप कोरडा चालला होता. घासल्याचा पट्टा चकतीच्या रुंदीपेक्षा रुंद असेल तर शाफ्ट डगमगतोय, बेअरिंग बघा. पट्टा पूर्ण गोल न दिसता तुटक असेल तर स्थिर चकती तिरकी बसली होती. कार्बनच्या कडा कुरतडल्यासारख्या असतील तर कंपन किंवा सक्शनला कमी पाणी. रबर फुगलं म्हणजे चुकीचं रबर, आणि कडक होऊन तडकलं म्हणजे उष्णता. स्प्रिंगमध्ये पांढरा खडा भरला असेल तर क्षार. सील झिजलेलं नसतं, नुसतं अडकलेलं असतं.

सांडपाण्याच्या सबमर्सिबल पंपात वर-खाली दोन सीलं आणि मध्ये तेलाची खोली असते. दर काही महिन्यांनी तो प्लग उघडून तेल बघा. चहासारखं दुधाळ झालं असेल तर खालचं सील गेलं आहे. वरचं अजून मोटर वाचवतंय. आत्ता बदललं तर सीलच्या पैशात भागेल, पुढच्या महिन्यात रिवाइंडिंगचेही मोजावे लागतील.

ऑइल सील आणि ते छोटं भोक

गिअरबॉक्सच्या तोंडावर असतं ते ऑइल सील. त्यावर ३५-५२-७ असे आकडे छापलेले असतात: शाफ्टचा व्यास, खोबणीचा व्यास आणि जाडी. रबरी ओठ नेहमी तेलाकडे तोंड करून बसतो. शाफ्टला चावीची खाच असेल तर तिच्यावर टेप गुंडाळा, नाहीतर बसवतानाच ओठ कापला जातो. ओठाला थोडं ग्रीस लावा, सपाट ठोकळ्याने सरळ ठोका. जुन्या ओठाने शाफ्टवर चर पाडला असेल तर नवं सील एक-दोन मिमी आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येईल.

बोटीच्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपात, पाण्याचं सील आणि तेलाचं सील यांच्यामध्ये खालच्या बाजूला एक भोक असतं. तिथून पाणी ठिबकायला लागलं की सील बदलायची वेळ आली, असं इंजिन सांगत असतं. एका बोटीवर कुणीतरी ते भोक एम-सीलने बुजवलेलं मी पाहिलं. ठिबकणं थांबलं, पण पाण्याला बाहेरची वाट उरली नाही आणि ते तेलाच्या सीलवरून इंजिनात गेलं. डिपस्टिक बाहेर काढली तर तिच्यावर ताक.

मोठी जहाजं आणि नव्या बोटी

स्क्रूवर, म्हणजे मागच्या पंख्यावर (प्रोपेलरवर), चालणाऱ्या पहिल्या वाफेच्या जहाजांना हाच प्रश्न फार छळत होता. शाफ्टखालची धातूची बेअरिंगं इतक्या वेगाने झिजत, की शाफ्ट खाली बसून पाणी आत येई. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन पेन यांनी लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवून बघितल्या. समुद्राचं पाणीच त्यांचं वंगण झालं आणि ती पद्धत शतकभर टिकली. पुढे मोठ्या जहाजांच्या स्टर्न ट्यूबमध्ये तेल आलं आणि दोन्ही टोकांना एकामागे एक रबरी ओठांची सीलं आली. मागच्या बाजूला काही ओठ समुद्राला अडवतात, एक तेलाला. वरच्या टाकीतली तेलाची पातळी उतरली तर तेल समुद्रात चाललंय, चढली तर समुद्र तेलात येतोय. अमेरिकेने डिसेंबर २०१३पासून मोठ्या व्यापारी जहाजांना आपल्या पाण्यात अशा जागी शक्य तिथे पर्यावरणाला कमी घातक तेल वापरणं बंधनकारक केलं, ते या छोट्याशा पण सततच्या गळतीमुळेच. या सीलांना मारतं मुख्यतः पंख्यात गुंडाळलेलं नायलॉनचं जाळं. आपल्या बोटींचंही तेच. म्हणून पंख्यातून जाळं काढलं, की शाफ्ट आणि ट्यूबच्या फटीत धागा उरला नाही ना, ते हात घालून बघा.

नव्या फायबरच्या बोटींना आता बिनथेंबाचं सीलही येतं. रबरी भात्याच्या टोकाला कार्बनची चकती असते आणि ती शाफ्टवरच्या स्टेनलेसच्या चकतीला टेकते. ते बसवलं असेल तर बोट पाण्यात उतरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी एक काम न विसरता करा. भाता हाताने मागे ओढा. आत कोंडलेली हवा सूं करत निघेल आणि मागून पाण्याची चिळकांडी उडेल. पाणी आलं की भाता सोडा. हवा तशीच राहिली तर बंदरातून बाहेर पडेपर्यंत चकती कोरडीच घासत जाईल.